कोंबडीखालचं यंत्र

हेमलकशाला जायचं म्हणून चंद्रपूरहून स्कूटी काढली आणि पोचले भलतीकडेच. माझं हे नेहमीचं.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. पेट्रोल इथंच भरून घ्या, पुढचा भरवसा नाही. चहाच्या टपरीवर मेधाताई भेटल्या. हैदराबादहून आलेल्या, गाडी बंद पडलेली, चेहरा उतरलेला. वीस दिवसांपूर्वी त्यांनी फुग्याला बांधून एक यंत्र आभाळात सोडलं होतं, विमानं उडतात त्याच्या तिप्पट उंच. अवकाशातून सतत बारीक कण येत असतात, ते मोजायला. ते एटापल्लीकडच्या जंगलात पडलं आणि सापडेचना. शेवटी यंत्राच्या डब्यावरचा नंबर वाचून एका गावच्या मास्तरांनी फोन केला. मी म्हटलं, बसा मागं. हेमलकसा कुठं पळून जात नाही.

रस्ताभर त्यांना एकच धास्ती. बॅटरी महिनाभराची, म्हणजे यंत्र चालूच असणार. आतलं मेमरी कार्ड भरलं की ते जुनी नोंद पुसून तिथं नवी लिहितं. चार वर्षांची मेहनत, आणि आभाळातलं पुसून जमिनीवरचं लिहिलं जातंय.

थर्माकोलचा तो डबा त्याच गावच्या मैनाबाईंना मोहफुलं वेचताना सापडला होता. त्यांनी पडवीत नेऊन दाखवला. डब्यात भाताचं वाळकं तणीस, तणसावर कोंबडी, तिच्याखाली अंडी. कडेच्या फटीतून लाल दिवा लुकलुकत होता.

"दिवा पाहूनच बसवली," मैनाबाई म्हणाल्या. "म्हटलं, ऊब देऊन राह्यला."

मेधाताईंनी हात पुढं केला तसं बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "उद्या-परवा पिल्लं निघतीन. बसल्या कोंबडीले कोणी उठवत नाई, बाई. तुमचा फुगा तुम्ही आणखी उडवान."

मेधाताई डब्यासमोरच मांडी घालून बसल्या. मग त्यांनी सगळं समजावलं, अगदी पुसल्या जाणाऱ्या नोंदींसकट. मैनाबाईंनी ऐकून घेतलं, गोंडीत कोंबडीशी काहीतरी पुटपुटल्या आणि हळूच तिच्या पोटाखाली हात सरकवला. दुसऱ्या कुणाचा हात तिनं फोडला असता. दिव्याच्या डाव्या अंगाला गोल बटण, ताई सांगत होत्या. दिवा विझला.

"मंग इतके दिस हा काय करून राह्यला होता?"

ताई म्हणाल्या, मोजत होता. ते कण इथवर येतात, कोंबडीतून, अंड्यांतून, आपल्यातून आरपार जातात. तळहातातून सेकंदाला एखादा.

दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक मी हातात धरलेलं नाही, पण एवढी मोठी गोष्ट कुणी सांगायला नको होती? मैनाबाईंनी तळहात उलटसुलट करून पाहिला.

"दुखत काऊन नाई?"

दोन दिवस मुक्काम. वरण-भात, आंबील, मैनाबाईंनी पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या सकाळी नऊ पिल्लं निघाली, मग डबा मिळाला.

घरी आल्यावर ताईंचा निरोप आला. फुगा वर चढतानाचं सगळं पुसलं गेलं. सगळ्यात उंचावरचे चार तास राहिले, तेही काठावर. बटण त्या दिवशी संध्याकाळी दाबलं असतं तर तेही गेले असते. त्यापुढं अठरा-एकोणीस दिवस कोंबडीखालचे. त्या नोंदी ताईंनी पुसल्या नाहीत.

मी मात्र सिग्नलला थांबले की तळहात उघडून बघते. काही दिसत नाही, पण मूठ मिटवत नाही.

मास्तरांकरवी मैनाबाईंचाही निरोप आला: यंत्र ठेवून घ्या, डबा वापस पाठवा, दुसरी कोंबडी बसाची आहे. ताईंनी तो धुऊन माझ्याकडे पाठवलाय. आत्ता स्कूटीच्या मागं बांधतेय.