मागचे तीन आकडे

माझ्या टेबलावर दोन फायली होत्या. एक कार्डाने पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला पाळावे लागणाऱ्या नियमांची, दुसरी सरकारच्या सायबर सुरक्षेच्या अटींची. जळगावबाहेरच्या एका केळीरोपांच्या कंपनीत मी काम करते. रोपं कार्डावर विकतो म्हणून पहिली फाईल आली, आणि काही रोपं सरकारी अनुदानाच्या योजनेत जातात म्हणून दुसरी. दोन्ही माझ्याकडे आल्या, कारण ऑफिसात पडदा असलेली कुठलीही वस्तू माझीच समजली जाते.

बऱ्याच ठिकाणी दोन्ही फायलींचं एकमत होतं. घड्याळं बिनचूक लावा, पासवर्ड वाटू नका, कोण कधी आत आलं याची नोंद ठेवा. पण मूळ भीती वेगळी. कार्डवाल्यांना चोराची भीती, म्हणून त्यांचं म्हणणं, लागत नाही ते ठेवूच नका. चोर आला तर त्याला काही सापडता कामा नये. सरकारला भीती चोरी झाल्यावर काहीच न कळण्याची. म्हणून सगळं जपा, एकशे ऐंशी दिवस जपा, आणि काही घडलं तर सहा तासांत कळवा. स्वतंत्रपणे वाचल्या तर दोन्ही शहाण्या फायली. एकाच फोनला लावल्या की पंचाईत.

आमचं बुकिंग फोनवर चालतं आणि प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. योजनेच्या करारात तशी अट आहे: रेकॉर्डिंग मूळ स्वरूपात, काटछाट न करता ठेवायचं. आणि आमची गिऱ्हाइकं काही राखून बोलत नाहीत. कार्डाचा नंबर विचारला की नंबर, तारीख, पिन, मुलाचा मोबाईल, सगळं एका दमात. कार्डाच्या मागचे तीन आकडे तर आम्हीच विचारायचो. ते आकडे व्यवहार झाल्यावर कुठेही, कोणत्याही रूपात ठेवायचे नाहीत, असं पहिली फाईल सांगते. आवाज हेही रूपच.

नवरात्रात शिंदखेडा तालुक्यातल्या, तापीकाठच्या एका बाईची तक्रार फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर तिने दोन हजार रोपं फोनवर बुक केली होती, अनुदानातली, कांदेबागेसाठी, म्हणजे दसऱ्यानंतरच्या लावणीसाठी. आम्ही ती मृगात पाठवली. शेतात तेव्हा मूग पेरलेला, ठिबक अंथरलेलं नाही. ड्रायव्हर पिशव्या बांधावर उतरवून निघून गेला आणि रोपं उन्हात वाळली. तिला बदली रोपं हवी होती, आणि याच महिन्यात. लावणी हुकली की तिचं अख्खं वर्ष गेलं.

आमच्या नोंदीत ‘मृग’ होतं. खरं काय ते फक्त रेकॉर्डिंग सांगणार होतं. मी हेडफोन लावला आणि पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला. माझाच. जेवणाच्या सुट्टीत फोन मी उचलला होता. बाई स्पष्ट म्हणत होती, “कांदेबाग.” मी “हं” म्हटलं आणि लगेच विचारलं, “कार्डाच्या मागचे तीन आकडे सांगा.” पडद्यावर लावणीच्या रकान्यात ‘मृग’ आधीच भरलेलं असतं, ते बदलायचं राहिलं. एका रेकॉर्डिंगमध्ये माझ्या दोन चुका, आणि तिचा एकमेव पुरावा.

मी शेठकडे गेले. माझ्या आवाजाचं बोलले नाही.

“त्या रेकॉर्डिंगात कार्डाचे आकडे आहेत?” शेठ म्हणाले. “मग तसली सगळीच उडवा. नियमच आहे ना?”

“सरकारी करार म्हणतो ठेवा.”

“सरकारी माणूस कधी येतो, सांगा ताई? कार्डवाला सोमवारी येतोय. सीझनमध्ये कार्डाचे पैसे बंद झाले तर तुम्ही बसणार का गल्ल्यावर रोकड मोजत?”

“आणि ती बाई?”

“बाई म्हणते कांदेबाग, नोंद म्हणते मृग. तीन आठवड्यांनी मुदत संपून ते रेकॉर्डिंग तसंही जाणारच आहे.”

म्हणजे उडवलं तर सरकारी अट मोडते आणि बाई बुडते, पण मी सुटते. ठेवलं तर सोमवारी आमच्या नावावर लाल शेरा. तेवढे आकडे कापले तर मूळ राहत नाही. कार्डवाल्यांच्या पुण्याच्या तपासनिसाला फोन केला. तो म्हणाला, “सरकारी अटींचं मला नका विचारू मॅडम. आमच्याकडे ‘नाही’ म्हणजे नाही.” योजनेच्या ऑफिसातून उत्तर आलं, “लेखी पाठवा.” लेखी पाठवलं. ते अजून तिकडेच आहे.

शुक्रवारी कार्डवाल्यांची प्रश्नोत्तरं चौथ्यांदा वाचताना एक ओळ सापडली. कार्ड कायमचं बंद झालं असेल, आणि तशी खात्री करून घेतली असेल, तर त्याच्या नंबराला हे नियम लागू होत नाहीत. तपासनिसाने कुरकुरत मान्य केलं. बँकेचं पत्र हवं म्हणाला.

मी बाईला फोन लावला.

“कारड बंद करू?” ती उसळली. “चूक तुमनी, आनि बँकमा फेरा मी मारू?”

तिचं बरोबर होतं. शनिवारी सकाळी धुळ्याची एसटी धरली, तिथून शिंदखेडा. बाई बँकेच्या पायरीवर बसली होती, माझ्याहून मोठी, हातात कार्ड. रांगेत आम्ही दीड तास उभ्या होतो.

“कार्ड हरवलं का?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“हरावाले काय व्हयनं, आठेच शे,” बाई म्हणाली. “पन ह्या बाईले बठ्ठा आकडा माहीत व्हई ग्यात.”

रांग हसली. सगळे आकडे मला ठाऊक झालेत हे ऐकून कारकुनाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ऑफिसचं ओळखपत्र काढून दाखवलं. पत्र हातात पडल्यावर बाहेर नळावर पाणी पिताना ती म्हणाली, “तुना आवाज वळखू उना. त्या दिनले फोनवर तूच व्हती ना?”

“हो.”

“मंग इतला दिन सांगं का नही?”

मी काहीतरी नियमांचं बोलायला लागले. तिने पदराने तोंड पुसलं आणि बस लागली का ते पाहायला चालू लागली.

सोमवारी तपासनिसाने त्या एका फोनवर बरोबरची खूण केली आणि बाकीच्या सगळ्यांवर लाल शेरा मारला. एक कार्ड मी बंद करवलं होतं. रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेत नेणं मला शक्य नव्हतं. सुधारणेची मुदत देऊन तो गेला. सरकारी अट आहे तिथेच आहे. दोन्ही फायलींत मी अजून तशीच अडकलेली आहे, आणि आकडे रेकॉर्डच न होऊ देणारं बुकिंगचं नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत राहीन.

तपासनीस गेल्यावर मी शेठच्या खोलीत रेकॉर्डिंग लावलं. माझं “हं” आलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

“ह्या तुम्ही?”

“मीच.”

त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. मग म्हणाले, “उडवलं असतं तर कुणाला कळलं नसतं.”

“तिला कळलंय.”

दुपारी मला मेमो मिळाला, निष्काळजीपणाचा. सही करून मी तो परत दिला. रोपांच्या चलनावर ‘कांदेबाग’ हा शब्द स्वतः लिहिला, दोनदा तपासला, आणि बुधवारी दोन हजार पिशव्या शिंदखेड्याकडे रवाना झाल्या.