अंगावर डाग नसलेला माणूस

कुरोसे देन्पाचीला टोफू बघवत नसे. पांढरा, मऊ, ओलसर तुकडा वाडग्यात थरथरला की तो तोंड फिरवायचा. बायको ओत्सुने बिचारी वाडगा मुकाट्याने उचलायची आणि त्याच्यापुढे नुसती पेज नि मुळ्याचं लोणचं ठेवायची. नवऱ्याचं काम तिला ठाऊक होतं.

काम काय, तर साकाकी धन्यांच्या नव्या तलवारींची धार पाहायची. गवताच्या पेंढ्यांवर नव्हे. मुंडकं उडवलेल्या गुन्हेगाराचं धड वाळूच्या ढिगावर बांबूंना आवळून बांधायचं आणि कमरेतून एकच वार. तलवार आरपार गेली की मुठीच्या आतल्या लोखंडावर तसं सोन्यात कोरायचं, खाली देन्पाचीचं नाव. केवढा मान म्हणे! डोंबलाचा मान. वार झाला की तिथेच, त्या वासात, चटया पसरायच्या. धनी स्वतःच्या हाताने तांदळाची दारू, साके, ओतणार, वर भाजलेला मासा पुढे करणार, आणि हसणार. त्या हसण्याची किळस देन्पाचीला धडापेक्षा जास्त यायची.

आणि आमचं गावही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. त्याच्या शेजारची ओकाने, चांगल्या सामुराईच्या घरची बाई, लोणच्याचा वाडगा घेऊन दारात यायची.

"भावजी, या खेपेचं काळीज तेवढं आमच्यासाठी ठेवा हं. वाळवून उगाळून दिलं की ह्यांचा खोकला बसतो."

"दुसरीकडे विचारा, वहिनी."

"अय्या, दुसरीकडे ताजं कुठे मिळतंय?"

देन्पाची आत जाऊन हात धूत बसायचा. राखेने धुवायचा, कोंड्याने धुवायचा. वास काही जायचा नाही. पण धन्यापुढे 'नाही' म्हणणं कुरोसेंच्या रक्तातच नव्हतं. आजा साकाकींसाठी मेला, बाप साकाकींसाठी मेला. मरताना बापाने एवढंच सांगितलं, धन्याकडे पाठ करू नकोस. देन्पाचीने केली नव्हती. धन्यावर त्याची माया होती, हेच तर दुखणं होतं.

त्या शरदात डोंगरातल्या लोहाराकडून नवी तलवार आली. तिला आवाज होता. आमच्या बाजूला अशा तलवारी अधूनमधून निघतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. म्यानात ठेवली की बारीक गुणगुणायची, भुकेलं पोर झोपेत कुरकुरतं तशी. धन्यांनी तिला कान लावला आणि लहान मुलासारखे खिदळले.

"देन्पाची, ऐक, ऐक! भूक लागलीय तिला. आता उशीर नको."

"धनी, तुरुंगात सध्या एकही धड नाही. यंदा कुणाला देहान्ताची शिक्षाच झालेली नाही."

"धड नसेना. माणूस आहे ना? तो मोसुके आहे की."

मोसुके म्हणजे ईल मासे विकणारा. गढीच्या खंदकातले ईल चोरून धरले म्हणून आत टाकला होता. एवढ्याला कुणी चोरी म्हणत नसे; त्याला पाठीवर छड्या बसायच्या, बस्स.

"धनी, तो जिवंत आहे," देन्पाची म्हणाला.

बाजूला बसलेले कारभारी तोनोमुरा पंख्याआडून म्हणाले, "त्याने काय बिघडलं? गुन्हा काय, आपण म्हणू तेवढा. खंदकात विष टाकत होता म्हणू."

"जिवंत माणसावर पहिला वार झाला की अशा तलवारीचा आवाज पक्का होतो म्हणतात," धनी म्हणाले. डोळे नुसते चकाकत होते. "उद्या सकाळी. भटजींनाही बोलावलंय."

देन्पाचीने कपाळ चटईला टेकवलं. बाहेर येऊन विहिरीमागे भडाभडा ओकला.

प्रथेप्रमाणे वार करणाऱ्यानेच आधी देह तपासायचा. अंगावर खरूज, कोड नको. गोंदण तर मुळीच नको. आमच्याकडे चोर सापडला की त्याच्या दंडावर काळा पट्टा गोंदतात, आणि तसला देह तलवारीला लागला तर ती विटाळते, आवाज असलेली तर कायमची मुकी होते. तसल्या हातांनी तिला शिवायचंही नाही. सकाळी उजाडता उजाडता देन्पाची तुरुंगात गेला. मोसुकेला ऊन पाण्याने आंघोळ घातलेली होती. बिचारा भलताच खुशीत होता.

"सरकार, सोडताय ना मला? आंघोळ घातली म्हणजे सोडणारच. अहो, खंदकातल्या ईलांना काय चव असते म्हणून सांगू! गढीतलं खरकटं खाऊन माजलेत नुसते. घरी गेलो की पहिला ईल तुमच्याकडे. बघा काय, अंग साफ आहे माझं, एक पुटकुळी नाही."

खरंच नव्हती. देन्पाचीने त्याला वळवून वळवून पाहिलं. पाठ, पोटऱ्या, बगला. बाजारात बैल पाहावा तसं आपण हे पाहतोय, आणि हा हसतोय. देन्पाचीला स्वतःच्या बोटांची इतकी शिसारी आली की ती त्याने झटकन मागे घेतली.

मग त्याने पहारेकऱ्याला बाहेर काढलं आणि तुरुंगातल्या गोंदणाच्या सुया नि काजळीची वाटी उचलली.

"हे काय, सरकार?"

"गप बस. हात दे."

"अहो, चोर नाही हो मी! ईल धरले फक्त! अरे, सोड! सोड रे मेल्या! माझ्याकडून मासे कोण घेईल आता? बायको दारात उभं करणार नाही!"

देन्पाचीने गुडघ्याखाली त्याचा हात दाबून धरला आणि दंडाभोवती चोराचा पट्टा कोरला. वेडावाकडा, पण पक्का. मोसुके त्याच्या तोंडावर थुंकला. देन्पाचीने ते पुसलंसुद्धा नाही.

अंगणात वाळूचा ढीग ओला करून थापलेला होता. चटया पसरल्या होत्या, भटजी बसले होते, मासे भाजत होते. धन्यांच्या मांडीवर तलवार गुणगुणत होती.

"धनी, देह चालायचा नाही. डागी आहे," देन्पाची म्हणाला.

तोनोमुरांनी मोसुकेची बाही वर केली. काजळीत अजून रक्त होतं.

"हे आत्ताचं आहे!" ते किंचाळले. "कुणी केलं?"

"मी."

धन्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "ठीक आहे. मग ढिगावर तूच चढ. तुझ्या अंगावर तर डाग नाही ना?"

देन्पाचीने आपली बाही वर केली. दंडावर तोच पट्टा, सुजलेला, डाव्या हाताने काढलेला म्हणून आणखीच बेढब. सामुराईच्या अंगावर चोराचं गोंदण! अंगणात कुणीतरी "शीऽ" केलं. भटजींनी नाकाला बाही लावली.

"तलवार विटाळेल, धनी," देन्पाची शांतपणे म्हणाला. "आता मला तिला शिवताही येणार नाही."

धन्यांनी तलवार छातीशी धरली आणि घाईघाईने मागे सरकले. "लांब हो! दोघांनाही बाहेर काढा! इथे रक्त सांडू नका यांचं, आजच्या दिवशी विटाळ नको!"

देन्पाची सवयीने वाकला.

"वाकू नकोस! चटईला लागशील!" धनी ओरडले.

त्याच्या दोन्ही तलवारी काढून घेतल्या तेव्हा काही वाटलं नाही. पण धन्याला आपली किळस आली, हे त्याला झोंबलं. आणि आपल्याला अजूनही याचं वाईट वाटतंय, याची त्याला साऱ्यांपेक्षा जास्त किळस आली.

वेशीबाहेर दोघांना ढकललं. मोसुके दंड धरून तोंड सोडून शिव्या देत होता. "कसाई! राक्षस! माझ्या जन्माचं वाटोळं केलंस! छड्या खाऊन घरी गेलो असतो मी!"

"कसल्या छड्या रे, गाढवा?" वेशीवरचा म्हातारा पहारेकरी म्हणाला. "तो वाळूचा ढीग कुणासाठी थापला होता मग? ते बांबू? तुला जिवंत बांधणार होते त्यावर. कमरेतून दोन तुकडे. त्या पट्ट्यानेच वाचलास."

मोसुके मागे वळला. गढीच्या भिंतीआडून अजून ती गुणगुण ऐकू येत होती. तो देन्पाचीसमोर रस्त्यावर बसला. मग त्याने दुसरी बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि तो गोरा, स्वच्छ हात देन्पाचीपुढे धरला.

"याच्यावरही काढ," तो म्हणाला.