हेडक्वार्टरने पाठवलेला माणूस

आमच्या घरमालक मेजरसाहेबांइतका शूर माणूस अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत नव्हता, आणि न विचारता पाठवलेल्या माणसाला त्यांच्याइतका घाबरणाराही दुसरा नव्हता. दूधवाला आजारी पडला आणि त्याने भावाला पाठवलं, की साहेब तो बरा होईपर्यंत कोरा चहा प्यायचे. पंखा दुरुस्त करायला उल्हासनगर कॅम्प दोनच्या सिंधी दुकानदाराने नवा कारागीर पाठवला, तर त्याला दारातूनच परत. दुकानदार वैतागून म्हणाला, "साईं, पंखा नीट करायचाय, बॉर्डर नाय सांभाळायची." शेजारी मयत झाली तेव्हा खांदेकरीसुद्धा साहेबांनीच निवडले. एकाला तोंडावर सांगितलं, "तू नको, तू अर्ध्या वाटेत मागे बघशील." तो बिचारा पुढे कित्येक दिवस मागे बघतच हिंडत होता.

मलाही खोली देण्याआधी त्यांनी स्टेशनपर्यंत चालवून पारखलं. बदलापूरपलीकडच्या आमच्या पाड्यावर पदवी मिळवलेला पहिला मीच, आणि हे सांगायला मला संकोच नाही. पण पदवी काढून दाखवली, तर साहेब म्हणाले, "आत ठेव ती. चालताना शेजारच्याला जागा देतोस, तेवढं पुरे." साहेब माझ्या उजवीकडे होते. डावीकडे कोणीच नव्हतं. तरी डावीकडे जागा सोडून मी सरकून का चाललो, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या असत. एका संध्याकाळी मी रिकाम्या खुर्चीत बसायला गेलो.

"तिथं नको. आहे तो."

मी हसलो. तेवढ्यात खुर्चीचा वेत करकरला, कोणी अंग चोरून बसावं तसा.

मग साहेबांनी सांगितलं. "लढाईच्या तोंडावर हेडक्वार्टरने एक पोरगा पाठवला. कोवळा. बघताच कळलं, याला इथं आणायला नको होतं. परत घ्या म्हटलं. उत्तर आलं, माणसं आम्ही ठरवणार, तुम्ही लढा. दुसऱ्याच दिवशी गोळी लागून गेला. अरे, कंपनी सांभाळणाऱ्याला माणूस निवडता येत नसेल, तर निदान सोडता तरी यावा. तोही अधिकार मला नाही. म्हणून हा अजून माझ्याकडेच."

"मग सोडा की, साहेब."

"ऑर्डर कोण देणार? तू ग्रॅज्युएट ना? तू हो हेडक्वार्टर."

हसू आलं नाही. मी उठलो, शर्ट खोचला आणि शक्य तितक्या साहेबी आवाजात म्हणालो, "अधिकार दिला. आपला माणूस आपण मोकळा करा."

साहेब ताठ उभे राहिले. रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाले, "जा बाळा. घरी जा."

दबलेला वेत सावकाश वर आला. जिन्यावर बुटांचा आवाज उतरत गेला, फाटकापाशी थांबला. पुढे जाईना.

"थांबला का?" मी विचारलं.

साहेब जिन्याच्या तोंडाशी गेले.

"नको असलेला माणूस म्हणून त्याच्याशी धड बोललोच नाही रे मी," ते म्हणाले. "त्याचं गाव कुठलं, तेवढंही विचारलं नाही. आता वाट कुठली सांगू त्याला?"