बाबांच्या आवाजाचे अकरा दिवस

आम्हा छोट्या कारखानदारांच्या मंडळाने एकदा दोन दिवसांचं शिबिर काढलं होतं. मोबाईलपासून सुटका म्हणे! जंगलातल्या रिसॉर्टवर गेलो, दारातच सगळ्यांचे फोन कापडी पिशवीत घालून कपाटात बंद केले. माझा दुसरा फोन मोज्यात होता. दुपारी बाथरूममध्ये जाऊन उघडला, तर मंडळाच्या ग्रुपवर पाच-सहा जणांचे ताजे मेसेज, सगळे शिबिरातलेच. सगळे एकाच माळेचे मणी. मी हसलो आणि कुम्हारीच्या माझ्या कारखान्यातल्या फोरमनला तिथूनच दोन शिव्या टाईप केल्या.

असा मी. बाबा रुआबांधाला, मी वैशाली नगरला, म्हणजे एकाच पोलादनगरीत. तरी आमचं बोलणं फोनवरच. ते ‘जय भीम’ म्हणायचे, मी ‘जय भीम बाबा, मीटिंगमध्ये आहो’ म्हणायचो. पुढे त्यांचे फोन कमी झाले आणि मला ते सोयीचंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशनला अकरा दिवस होते. म्हणजे बाबा आणखी अकरा दिवस बोलणार होते, मग कधीच नाही.

मी दोन्ही फोन फोरमनच्या हातात दिले. ‘काही झालं तर कोणाला फोन लावू?’ त्याने विचारलं. ‘आग लागली तर स्कूटरनं ये,’ म्हटलं आणि कपड्यांची पिशवी घेऊन रुआबांधाला गेलो.

बाबा अंगणात बसले होते. आवाज फाटलेला, पण बोलणं तेच.

“कावून आला? कारखाना बंद पडला का?”

“तुमच्याशी बोलाले आलो.”

“बोल मंग.”

पहिले दोन दिवस नुसता हात फोन शोधत खिशाकडे जायचा. “खाज सुटली का तुले?” आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी माझी मुलगी आजोबांचा आवाज जपून ठेवायचा म्हणून फोन घेऊन आली. “आबा, कुछ भी बोलो ना, मी रेकॉर्ड करते.” बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, ताठ बसले आणि हिंदीत नाव, खातं, निवृत्ती असं साहेबासमोर सांगावं तसं सांगितलं. तो आमच्या बाबांचा आवाजच नव्हता. त्यांनाही ते कळलं असावं.

“ठेव तो डब्बा,” ते म्हणाले. “मले ऐकाचं असन तं समोर बस.”

आम्ही समोर बसलो. मग त्यांचं बोलणं सुरू झालं ते थांबेना. नागपूरकडून या हिंदी मुलखात एका ट्रंकेनिशी आल्याचं, आई पहिल्याच दिवशी पोलाद प्लांटच्या भोंग्याला घाबरल्याचं, आणि प्लांटमधल्या कामाचं. क्रेनखाली उभं राहून वरच्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं काम होतं. इतकी वर्षं मी ते ‘बाबा प्लांटमध्ये होते’ एवढ्यावरच भागवलं होतं.

“तिथं गळ्याचं काय काम? कानठळ्या बसत. आमी हातानंच बोलत होतो,” म्हणत त्यांनी खुणा शिकवायला घेतल्या. बोट वर करून फिरवलं की उचल. हात आडवा हलवला की थांब. दोन्ही हात पोटाशी गुंफले की आहे तसंच धरून ठेव. “पन वरच्यानं माह्याकडंच पाहाले पायजे. नजर हटली का मानूस गेला समज.”

मुलगी तासाभरात शिकली. जेवण झालं की ‘ताट उचला’ म्हणून आई बोट फिरवू लागली. माझ्या कारखान्यात दोन क्रेन, आणि मीच ‘थांब’ आणि ‘सावकाश’ यांत गोंधळलो. “तुह्या कारखान्यात मी पाय नाही ठेवत,” बाबा म्हणाले आणि खोकला येईस्तोवर हसले. ते हसणं ऐकायला मी तिथे होतो, याबद्दल कोणाचे उपकार मानू कळत नाही. गाठीचे तर मानता येत नाहीत.

ऑपरेशन थिएटरच्या दारात मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील. ते म्हणाले, “तुह्या आईनं सकाळपासून चहा नाही घेतला. तिले पाजून आन.” हेच त्यांचे शेवटचे शब्द. ते कुठेही रेकॉर्ड केलेले नाहीत.

बाबा सुखरूप घरी आले. आता मी दर रविवारी जातो. संत झालेलो नाही, फोन बरोबर असतोच. मागच्या रविवारी जेवताना एका बड्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी उष्ट्या हाताने उठू लागलो, तोच बाबांनी दोन्ही हात पोटाशी गुंफले. मी खाली बसलो. वाटलं, काही सांगायचं असेल. फोन वाजून वाजून बंद झाला तरी त्यांनी हात सोडवले नाहीत. सांगायचं काहीच नव्हतं. ते नुसते माझ्याकडे पाहत होते, आणि मी त्यांच्याकडे.