एकट्याच्या गटाची बैठक

तर काल आपण गोस्से वेर्समाच्या तिसऱ्या पक्षापर्यंत आलो होतो. पहिला त्यानं अडुसष्ट साली सोडला, कारण मोठा ख्रिस्ती पक्ष देवाचं नाव घेत श्रीमंतांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. दुसरा पुरोगामी ख्रिस्त्यांचा. तोही सोडला, तिथं सभेआधीची प्रार्थना मंडळी विसरायला लागली, बिअर मात्र कुणी विसरेना. मग यानं आपल्या दुकानातच सात माणसांचा पक्ष काढला. साताचे चार झाले, चाराचे दोन. दुसरा होता त्याचा मेहुणा. सभेत आधी कोणतं स्तोत्र म्हणायचं, यावरून तोही पक्ष सोडून गेला.

गोस्से पेट्या दुरुस्त करायचा, बाजाच्या. दुसऱ्याच्या पेटीतला बेसूर त्याला गल्लीच्या टोकावरून ऐकू यायचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, तर हा पठ्ठ्या बाकाच्या मधोमध खडूनं रेघ मारायचा. तरी गाव त्याला मतं द्यायचं.

"तो खोटं बोलत नाही," माझी बायको म्हणायची.

"अगं, खोटं बोलायला दोन माणसं लागतात. त्याच्या पक्षात तेवढी आहेत कुठं?"

अकरा जणांच्या नगरसभेत तो एकटाच त्याचा गट. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात कालव्यावरच्या फेरीबोटीचा प्रश्न आला. प्रांत सरकार म्हणालं, बोट ठेवू, पण रविवारीही चालवा, नाहीतर बंद. पलीकडच्या वृद्धाश्रमात गोस्सेची विधवा बहीण हिंके राहायची. बोट गेली की पुलावरून चौदा किलोमीटरचा वळसा. आणि रविवारी काम करणं म्हणजे गोस्सेच्या लेखी देवाची आज्ञा मोडणं.

मतं पडली पाच-पाच. उरला गोस्से. मी प्रेक्षकांच्या बाकावर, शेजारी पेपरमिंट चघळत हिंके.

"वेर्समासाहेब, आपलं मत?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"अध्यक्षमहाराज, दहा मिनिटं तहकुबी द्या. गटाशी चर्चा करायची आहे."

कुणी हसलं नाही. नियमच तसा होता, आणि आमची माणसं नियमाला हसत नाहीत. मी तेवढा खोकलो.

"हसू नकोस रे," हिंके पुटपुटली. "लहानपणापासून त्याचं स्वतःशी पटत नाही."

गोस्सेनं शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आधी प्रार्थना ऐकू आली. मग त्याचाच आवाज, चढलेला. मग त्याचाच, समजुतीचा. मग टेबलावर मूठ आपटली. दहाची पंचवीस मिनिटं झाली, कॉफी गार झाली. गायीवाला सभासद वैतागला, "अरे, धारा काढायच्या आहेत माझ्या! आत आहेत तरी किती जण?"

दाराला कान लावलेला शिपाई म्हणाला, "माणूस एकच आहे, साहेब. पण अजून एकमेकांचं ऐकत नाहीत."

हिंकेचं चघळणं थांबलं होतं. "बोट गेली तर तो माझ्याकडं येणार कसा?" ती हळूच म्हणाली. "सायकलवर? त्या गुडघ्यांनी? दुसरं कोण येतं रे माझ्याकडं?"

तेवढ्यात दार उघडलं. गोस्से लालबुंद, टाय कानाशी आलेला. तो जागेवर जाऊन उभा राहिला.

"काय ठरलं, वेर्समासाहेब?"

"अध्यक्षमहाराज, गटात फूट पडली. बहुमत फेरीबोटीच्या बाजूनं आहे. अल्पमत आत्ताच राजीनामा देऊन बाहेर पडलं, आणि उद्या सकाळी नवा पक्ष काढतंय."