जर्मनीची घडी

एकनाथराव चिडले की टेबलावर डस्टर आपटायचे. त्या दिवशी असं आपटलं की पहिला बाक खडूनं पांढरा झाला. कारण काय, तर नववीतल्या माधवीनं चाचणीत लिहिलं होतं, 'पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायला जर्मनीची घडी घातली.'

"घडी? अगं, जर्मनी म्हणजे काय लुगडं आहे?"

"सर, पुस्तकात तह केला असं लिहिलंय ना? आई कपड्यांची तह करते, तसं..."

वर्ग खो खो हसला. आता हैदराबादच्या पोरीला तह म्हणजे घडीच. घरात मराठी, गल्लीत दखनी उर्दू, तिचं काय चुकलं? पण सरांनी शून्य दिलं, लाल शाईत, भलं मोठं.

मग तह शिकवायला घेतला. नारायणगुड्याच्या त्या शाळेत एकतीस वर्षं ते हा धडा शिकवत होते आणि दर वर्षी त्यांचा आवाज एकाच जागी चिरकायचा. "जिंकलेल्यांनी नकाशा पुढ्यात ओढला अन् रेघा मारल्या. जर्मनांना बोलणी करायला बसवलंच नाही. कागद तयार करून सहीपुरतं बोलावलं! रेघेपलीकडे गेलेल्या माणसांना कोणी विचारलं?" सरांना तरी कोणी विचारलं होतं? पूर्वी निजामाच्या राज्यातलं भालकीकडचं त्यांचं गाव छप्पन्न साली राज्यांच्या रेघा नव्यानं मारल्या तेव्हा म्हैसूर राज्यात गेलं. भाऊ तिकडे कानडी शिकला, हे इकडेच राहिले.

शहाण्णव साल होतं ते. वरच्या मजल्यावर इंग्रजी शाखा, कॉम्प्युटरची खोली, तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. खाली मराठी माध्यम, नववीत नऊ मुलं. दसऱ्यानंतर मराठी वर्ग बंद होणार अशी कुणकुण लागली. मुलांना वर इंग्रजीत घेतील म्हणे, पण एक इयत्ता मागे. माधवीचे वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. त्यांनी सांगूनच टाकलं होतं, मागं बसवलं तर शाळा बास.

"सर, खरंच बंद करतील?" माधवीनं विचारलं.

"माझ्या सहीशिवाय? छट्! मी सही करणारच नाही." नऊ मुलांसमोर म्हणाले, छाती काढून.

शुक्रवारी संस्थेचे सेक्रेटरी केशवराव यांनी बोलावलं. कागद टाइप होऊन तयार होता.

"मुलांना मागे बसवू नका, एवढं तरी त्यात घाला," एकनाथराव म्हणाले.

"कमिटीत ठरलंय, सर. मराठी विभागाचे प्रमुख म्हणून तुमची सही तेवढी हवी." केशवरावांनी पेनाचं टोपण काढून दिलं. "तुमच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना?"

काय माणूस हो! एकतीस वर्षं जर्मनांसाठी गळा काढला आणि स्वतःवर आली तेव्हा पेन हातात घेतलं. केली सही. खाली तारीखसुद्धा घातली, वळणदार.

वर्गात आले तशी मुलं उभी राहिली. सरांनी कोणाकडेच पाहिलं नाही. माधवीला काय ते कळलं.

"म्हणजे आमची पण तह केली का, सर?"

या वेळी कोणी हसलं नाही. डस्टर समोरच होतं, पण सरांनी हात लावला नाही. "खाली बसा," एवढंच म्हणाले.

रविवारभर ते चाचणीचे पेपर घेऊन बसले. माधवीच्या पेपरावरचं शून्य खोडलं, दोनपैकी दोन दिले, बाजूला 'बरोबर' लिहून सही केली.

सोमवारी हजेरी घेतली. आठ मुलांनी 'हजर' म्हटलं. माधवीचं नाव सरांनी दोनदा पुकारलं.