दाराशी बसलेली धुरपता

साखऱ्याच्या शाळेत जनकाबाई तिसरी शिकवत, पण तांड्यावरच्या धुरपताला मनातून भीत. घराला आग लागली तेव्हा ही पोरगी आत कोंडली गेली होती. तेव्हापासून दार लागलं की ती किंचाळायची, जवळ येईल त्याला चावायची. हेडमास्तर तिचं नाव काढायला निघाले, तेव्हा बाईंनी तिला दाराशी बसवलं आणि रोज शेजारी बसू लागल्या.

एका दुपारी वावटळीनं दार धाडकन लागलं. धुरपतानं पाटी उगारली. बाई हलल्या नाहीत, पण त्यांचे हात लटपटत होते.

"बाई, तुमी बी भिऊन राहिल्या का?"

"व्हय गं. चल, दोघी मिळून उघडू."

धुरपतानं पाटी ठेवली. पुढं ती चौथी पास झाली. तोवर वारा सुटला की बाई आधी दाराकडं धावायच्या.